कॉम्प्युटरमधला पहिला रोजा

तो कॉम्प्युटर फेकून द्यायला मी तीनदा निघाले होते आणि तिन्ही वेळा आत्याबाई दारात आडव्या आल्या. "आधी मला बाहेर काढ, मग त्याला," म्हणायच्या. आता सासूला बाहेर काढायची सोय अख्ख्या अम्मानमध्ये कुठे आहे? म्हणून तो पांढऱ्याचा पिवळा झालेला डबा, वर भरतकामाचं झाकण पांघरून, आमच्या बैठकीचा कोपरा अडवून बसला होता. सासरे, म्हणजे अबू घस्सान, जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. मी तेवढी दर आठवड्याला धूळ झटकायचे आणि मनातल्या मनात त्याचा उद्धार करायचे.

आणि नेमकी त्याचीच गरज पडली.

माझ्या मुलीचं, दलालचं, लग्न ठरलं. मेंदीच्या दिवशी नवरीने घालायचा झगा आत्याबाई स्वतः भरत होत्या, फुलीच्या टाक्याने, काळ्या कापडावर लाल रेशीम. बाह्या झाल्या, कडेच्या पट्ट्या झाल्या. ते सगळं त्यांना तोंडपाठ. राहिला होता छातीचा तुकडा. तो त्यांच्या आईच्या झग्यावरचा, त्यांच्या गावाचा; गावागावाचा नमुना वेगळा. गाव तर त्या पाळण्यात असतानाच लढाईत सुटलं होतं. आईही गेली, आणि माझ्या लग्नाच्या सुमारास तो मूळ झगासुद्धा हात लावला की भुगा व्हायला लागला. तेव्हा या दोघा नवराबायकोने एक उद्योग केला. आत्याबाई सुईच्या टोकाने एकेक टाका मोजून बोलायच्या, "दोन लाल, एक काळा, तीन लाल," आणि सासरे कॉम्प्युटरवर एकेक चौकट भरायचे. चार महिने हेच चाललं होतं. नमुना पुरा झाला तोवर झग्याच्या चिंध्या झाल्या होत्या. म्हणजे आता तो जगात एकाच ठिकाणी होता, त्या डब्यात.

"आत्याबाई, दुसरा एखादा नमुना काढा की," मी म्हटलं. "बाजारात पुस्तकंच्या पुस्तकं मिळतात."

"मिळतात ना. नवरेही मिळतात. मग तू माझ्याच मुलाला का धरून बसलीस?"

मी खाली घरंगळलेलं रेशीम गुंडाळायला घेतलं. मग त्याच म्हणाल्या, "पोरगी कुणाची ते छातीवर लिहिलेलं असतं. तिथे दुसऱ्याच गावाचं नाव लिहू? आणि डोळे आता किती दिवस साथ देतील? हा माझा शेवटचा झगा आहे, विज्दान." आवाज इतका खाली गेला होता की मला टोमणा मारायचंही सुचलं नाही. मेंदीला तीन आठवडे होते.

माझा नवरा घस्सान बँकेत आहे, आणि बँकेत कॉम्प्युटर असतात एवढ्या भांडवलावर तो स्वतःला जाणकार समजतो. "दहा मिनिटांचं काम," म्हणाला. डब्यातला तो भरतकामाचा प्रोग्रॅम आणि नमुन्याची फाइल त्याने आतली डिस्क बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेऊन पेन ड्राइव्हवर उतरवून आणली, घरच्या लॅपटॉपमध्ये घातली आणि ऐटीत बटण दाबलं. लॅपटॉप म्हणाला, हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. मग जुन्या विंडोजसारखं चालव म्हणून सांगायची एक सोय असते, ती करून झाली. पडदा काळा झाला. रंग कमी करून झाले, पडदा लहान करून झाला. एकदा उघडतोय असं वाटलं आणि लॅपटॉपच गोठला. नुसती फाइल दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅममध्ये उघडावी, तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं. ज्यांनी तो बनवला त्यांची कंपनी म्हणे केव्हाच बंद पडली. दहा मिनिटांचे चार दिवस झाले.

"दुरुस्तीवाला काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, संग्रहालयाला देऊन टाका."

"कॉम्प्युटर की तुला?"

शेवटी शुक्रवारी, नमाज आणि मक्लूबा-भाताचं जेवण दोन्ही उरकल्यावर, आम्ही मूळ डबाच सुरू करायचं ठरवलं. झाकण काढलं. घस्सानने डिस्क परत आत बसवली, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, माऊसच्या पोटातला गोळा काढून नखाने साफ केला. दलालने फोनवर फोटो काढायची तयारी ठेवली. आत्याबाई खुर्ची ओढून अगदी पुढ्यात बसल्या, जवळचा आणि लांबचा असे दोन्ही चष्मे मांडीवर. बटण दाबलं. आत काहीतरी घरघरलं, कण्हलं, आणि बऱ्याच वेळाने पडदा उजळला. मी चक्क टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षं शिव्या दिलेल्या वस्तूसाठी!

घस्सानने प्रोग्रॅमवर टिचकी मारली. नमुन्याऐवजी एक चौकट आली. दलालने वाचून सांगितलं, "चाचणीचा दिवस संपला आहे. आता फक्त दोन प्रयत्न उरले. त्यानंतर प्रोग्रॅम कायमचा बंद होईल."

"चाचणीचा दिवस? एकच दिवस?" घस्सान म्हणाला. "मग बाबांनी चार महिने कसं काम केलं?"

खरं होतं. तो प्रोग्रॅम मासिकाबरोबर फुकट आलेल्या तबकडीवरचा. एक दिवस वापरा, आवडला तर विकत घ्या. आणि अबू घस्सान काही विकत घेणाऱ्यांतले नव्हते, ते भोपळासुद्धा आधी चाखून बघायला मागायचे.

"ते आधी रमजान लावायचे," आत्याबाई म्हणाल्या.

"काय लावायचे?"

"अरे, खाली कोपऱ्यात घड्याळ असतं ना? तिथे काहीतरी टकटक करायचे आणि म्हणायचे, चला, पहिला रोजा लागला, बसा कामाला. आणि स्वतः समोर चहा ढोसत बसायचे. मी म्हणायचे, अल्लाला तरी घाबरा. तर म्हणायचे, रोजा मशीनला आहे, मला कुठे?"

घस्सानने कपाळाला हात लावला. मग हसायलाच लागला. बाबांनी प्रोग्रॅम घातला तो दिवस पहिल्या रोज्याचा. रोज काम सुरू करण्याआधी ते मशीनची तारीख मागे नेऊन त्याच दिवशी ठेवायचे. बिचाऱ्या मशीनला चार महिने वाटत होतं की आजच पहिला रोजा आहे.

"कुठल्या वर्षीचा?"

"ही लग्न होऊन आली त्या वर्षीचा. तिने इफ्तारचं सूप खारट केलं ना, तोच दिवस."

झालं! आलीच ती गोष्ट. या घरात चोवीस वर्षं ती माझ्या पाठी लागली आहे. माझ्या लग्नानंतरचा पहिलाच रोजा, मसुराचं सूप मी केलेलं. उपवासात चव घेऊन बघता येत नाही, आणि घाबरून मी मीठ दोनदा घातलं. तेव्हापासून दर रमजानला, नातेवाइकांनी भरलेल्या घरात, आत्याबाई सुरात म्हणतात, "गुरुवारी नवरी आली, मंगळवारी मिठाची खाण उघडली!" आणि सगळे टेबल बडवून हसतात. मी पण हसते. न हसून सांगते कुणाला?

घस्सानने फोन काढला, त्या वर्षीच्या रमजानचा पहिला दिवस इंग्रजी तारखेने कधी ते शोधलं आणि मिळालेली तारीख मशीनमध्ये घातली. "बिस्मिल्ला," म्हणून टिचकी मारली.

तीच चौकट. एक प्रयत्न उरला.

नुसता पंखा घरघरत होता. घस्सानचा चेहरा उतरला. "बाबांनी आदल्या दिवशी घातला असेल," तो पुटपुटला. "एक दिवस मागे करून बघू?"

"नको!" आत्याबाईंनी त्याचा हात धरला. "बंद कर, बाळा. राहू दे. आत आहे एवढं तरी राहील. उद्या ते पण नाही उरलं तर मी काय करू?"

नऊ वर्षं त्या डब्याशेजारी बसून या बाईने काय राखलं होतं, ते मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं मला. माझीच मला लाज वाटली. आणि त्या लाजेतच डोक्यात काहीतरी टोचलं.

"घस्सान, तू घातलीस त्या तारखेला वार कुठला होता?"

"सोमवार."

"आत्याबाई," मी म्हटलं, "गुरुवारी नवरी आली. पुढे काय?"

"आता हे कशाला गं उकरतेस?"

"म्हणा तुम्ही!"

"मंगळवारी..." त्या थांबल्या. मांडीवरचा एक चष्मा खाली पडला. "मंगळवारी! अगं बाई, मंगळवारी!"

"आई, तू आपली सुरात बसतं म्हणून मंगळवार म्हणत असशील," घस्सान म्हणाला.

"माझ्या सुनेचं मीठ मी विसरेन? रविवारी संध्याकाळी आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. पहाटेच्या सहरीचं चीज कापून ठेवलं होतं मी. आणि तो शेख म्हणाला, चंद्र दिसला नाही, उद्या रोजा नाही. तुझे बाबा म्हणाले, एक दिवस बक्षीस मिळाला. सोमवारी दिवसभर गच्चीत सिगारेटी फुंकत बसले होते, पुढच्या महिन्याभराच्या."

"आणि सोमवारी दुपारी माझे भाऊ आले होते मला भेटायला," मी म्हटलं. "मीच केली होती कॉफी. रोजा असता तर भरदुपारी कॉफी कोण प्यायलं असतं? तुझ्या फोनला गणित कळतं रे, इथला चंद्र कळत नाही."

घस्सानने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आईकडे. मग त्याने तारीख एक दिवस पुढे केली. वार मंगळवार दिसत होता. दलालने दोनदा तपासलं. घस्सानने हात मागे घेतला. "मी नाही दाबणार."

"विज्दान दाबेल," आत्याबाई म्हणाल्या. "मीठ तिचं आहे."

मी दाबलं. खरं सांगते, डोळे मिटून दाबलं. पंख्याची घरघर ऐकू येत होती, आणि मग दलाल किंचाळली, "आजी!"

डोळे उघडले तर सगळा पडदा लाल. बारीक बारीक चौकटींचं रान, काळ्यावर लाल, कडेने सरूची झाडं आणि मधोमध दोन पक्षी. चौकट नाही, धमकी नाही. जीव भांड्यात पडला बाई माझा! घस्सानने भिंतीला डोकं टेकलं आणि मोठ्याने "अल्हम्दुलिल्ला" म्हणाला. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, गोल झाला का.

आत्याबाईंनी दोन्ही चष्मे एकावर एक चढवले आणि काचेच्या अगदी जवळ गेल्या. मग म्हणाल्या, "पक्षी एकमेकांकडे पाठ करून बसलेत. मला वाटायचं समोरासमोर आहेत. मी चुकीचेच भरले असते गं." आणि मग रडल्या. दलालने त्यांना मिठी मारली. मी स्वयंपाकघरात जाऊन मेरमियेची सुकी पानं घातलेला चहा ठेवला, कारण मलाही जरा एकटीला उभं राहायचं होतं.

प्रिंटरची शाई वाळून खडा झाली होती, तो काही चालला नाही. दलालने पडद्याचे फोटो घेतले, कोपऱ्या-कोपऱ्याने, एकेक दोनदा. पण आत्याबाईंचा फोटोवर विश्वास नाही. त्या म्हणाल्या, कागदावर पाहिजे, माणसाने मोजून. मग दलालची जुनी चौकटीची वही शोधली, लाल आणि काळी पेन्सिल शोधली, आणि आम्ही दोघी बसलो. त्या सुईच्या टोकाने पडद्यावर मोजत होत्या, मी वहीत भरत होते. कॉम्प्युटर बंद करायची कुणाची छाती नव्हती. घस्सान प्लगशेजारी खुर्ची टाकून पहारा देत होता, चुकून कुणाचा पाय लागायला नको म्हणून.

अशा बाराएक ओळी झाल्या. आत्याबाईंची सुई मध्येच थांबली.

"विज्दान."

"काय?"

"ते सूप काही इतकं खारट नव्हतं गं. तुझ्या सासऱ्यांनी तीन वाट्या घेतल्या होत्या."

चोवीस वर्षं! चोवीस वर्षं मी भरल्या घरात मान खाली घातली, आणि ही बाई आज सांगते! मला रडू आणि हसू एकदमच फुटलं. पेन्सिल हातातून निसटली ती शोधायला मी वाकले, ते बरंच झालं.

"काही नाही, खारटच होतं," मी टेबलाखालून म्हटलं. "आणि आता शब्द फिरवायचा नाही, आत्याबाई. दर रमजानला म्हणायचं, मोठ्याने म्हणायचं. सांगा पुढची ओळ."

त्यांनी सुई पुन्हा काचेवर ठेवली.

"दोन लाल," म्हणाल्या, "एक काळा."