खळवाली

कारखान्यातले लोक रसायनतज्ज्ञ बाईंना पाठीमागे 'खळवाली' म्हणत. तिचा सख्खा दीर तोंडावर म्हणे. तो टाक्यांवर कामाला होता, त्यामुळे त्याला तेवढा हक्क होता.

टाक्यांत तांब्याचं आणि शिशाचं खनिज एकाच फेसाला धरून वर येई. मग दोघांची फारकत करायची, म्हणजे तांबं तरंगत ठेवायचं आणि शिसं बुडवायचं. हे काम वर्षानुवर्षं एक नारिंगी क्षार करी, आणि जाता जाता कामगारांच्या हातांना भोकं पाडी.

"दागिने आहेत हे," दीर एकदा बोटांवरच्या जखमा दाखवून म्हणाला. "वहिनी, तुमच्याकडे तरी आहेत का इतके?"

वहिनीने त्याच दिवशी ठरवलं की नारिंगी क्षाराची पिंपं हद्दपार करायची. त्यांच्या जागी शिजवलेल्या पिठाची खळ आणि सोबत थोडं सल्फाइट. प्रयोगशाळेत शिसं आज्ञाधारक मुलासारखं बुडालं. कारखान्यात मात्र फेस करडाच्या करडा. शिसं वर येऊन तांब्याशेजारी ऐटीत बसलं.

"बाई, खळ कपड्यांना घालतात," साहेब म्हणाले. "सोमवारी शेवटची चाचणी. नाही जमलं तर पिंपं उघडायची."

खळ तीच, खनिज तेच. मग अडतंय कुठे? प्रयोगशाळेच्या भट्टीत वाळवलेल्या नमुन्याचा ट्रे उचलताना ती थबकली. टाकीतल्या ताज्या गाळाला कुजक्या कोबीचा वास यायचा; या ट्रेला कसलाच नव्हता. खनिजाला फेसाशी चिकटवणाऱ्या रसायनाचा तो वास. तिच्या भट्टीने ते रसायन आधीच जाळून टाकलं होतं. म्हणजे प्रयोगशाळेतलं शिसं पेपर फुटल्यावर पहिलं आलं होतं! आणि पेपर तिनेच फोडला होता.

मग तिने न वाळवलेला गाळ घेतला, त्यात आधी ते रसायन शोषून घेणारी सक्रिय कोळशाची पूड ढवळली, वास गेल्यावर खळ घातली. शिसं बुडालं. पुन्हा केलं. पुन्हा बुडालं.

सोमवारी कोळशाची पोती पाहून साहेब म्हणाले, "आता चूल पण मांडणार का?"

"लागली तर मांडू."

टाक्या सुरू झाल्या. फेस आला तो करडाच. साहेबांनी पिंप उघडायची पहार मागवली.

"झाकणाला हात लावायचा नाही," खळवाली म्हणाली. "टाकीत जुना गाळ उरलाय. तो आधी जाऊ द्या."

आणि ती पिंपावरच जाऊन बसली. साहेबांना बाईमाणसाला उठ म्हणणं बरं वाटेना, म्हणून ते घड्याळ बघत राहिले.

करडा रंग विरळ होत गेला. मग बुडबुड्यांवर तांब्याच्या खनिजाचा पितळी पिवळेपणा चढला आणि टिकला. प्रयोगशाळेतून निरोप आला: तांब्यात शिसं मर्यादेत.

"मी कोळशाचं म्हणतच होतो," साहेब म्हणाले, आणि पहार परत पाठवली.

दीर फेसाकडे बघत राहिला. मग हातमोजा सारखा करत म्हणाला, "वहिनी, उद्याची खळ कोण शिजवणार?"

"तुम्ही, भावजी. पण आधी ते दागिने बरे होऊ देत."