ग्रहणाचा रोल

कंपाउंडरने ग्रहणाचा रोल आठ दिवस कपाटात ठेवला होता. धुवायची छाती होत नव्हती.

चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं बनवलेला हा माणूस. निवृत्त झाल्यावर त्याने एक जुना कॅमेरा हाती घेतला आणि न्हाणीघर ताब्यात घेतलं. काळे-पांढरे रोल तो घरीच धुवायचा. पाणी बरोबर वीस अंशांवर, चित्र उमटवणारा डेव्हलपर मापाने मोजलेला, वेळ नऊ मिनिटं, दर मिनिटाला दहा सेकंद रोलची बंद डबी उलटीपालटी करायची. सगळं वहीत लिहिलेलं. तरी एक रोल कोळशासारखा दाट निघायचा आणि पुढचा ताकाच्या निवळीसारखा पातळ. मग दोष कधी पाण्याचा, कधी थर्मामीटरचा, कधी दुकानदाराचा. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्याची बायको म्हणायची, पण स्वयंपाकघरात जाऊन.

बायकोला सगळी गल्ली ‘बाई’ म्हणे. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवलेला. टेबलावर पट्टी आपटत त्यांनी शेकडो मुलींना एका ठेक्यात बोटं चालवायला लावली होती.

ग्रहण खग्रास होतं, एकशे दहा सेकंदांचं. असं ग्रहण पुन्हा या गच्चीवरून दिसायला शंभर वर्षं तरी लागणार होती. आणि नेमकं चारच दिवस आधी बाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्यात धुकं, आणि वर बघायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. म्हणून बाई सूर्याकडे पाठ करून स्टुलावर बसल्या आणि नवऱ्यासाठी सेकंद मोजू लागल्या. त्यांच्या आकड्यांवर तो शटर उघडत होता, मिटत होता. भर दुपारी अंधार झाला. वारा गार सुटला, पाखरं गप्प झाली. शेजारच्या गच्चीवर कोणीतरी मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. बाईंचा आकडा एकदाही अडखळला नाही.

जिना उतरताना त्यांनी एवढंच विचारलं, “कसं होतं?”

“रोल धुतला की बघशीलच,” तो म्हणाला.

तेव्हापासून त्याचा जीव टांगणीला लागला होता. डबी जास्त हलली की उजेडाचा भाग करपतो. सूर्याभोवतीची ती नाजूक प्रभा म्हणजे सगळा उजेडच. हात चुकला तर तिचा नुसता गोळा होणार, आणि बाईंना दाखवायला दुसरं काही नव्हतं. मन चिंती ते वैरी न चिंती, अशी त्याची गत झाली होती.

ग्रहणानंतर आठव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली. घरी आल्यावर बाई खिडकीत बसल्या आणि समोर येईल ते बघत सुटल्या. स्वतःच्या तळहाताच्या रेषा, पडद्याचा वीण सुटलेला काठ, मग दोरीवर चिमट्यांनी लटकलेल्या पाच निगेटिव्ह. त्या कंपाउंडरच्या सरावाच्या होत्या: एकच पाण्याची टाकी, एकाच वेळी, एकाच उन्हात टिपलेली. प्रत्येकीवर धुतल्याच्या तारखेची चिठ्ठी.

“ही दाट आहे ना, त्या दिवशी भाऊजींचा फोन आला होता,” बाई म्हणाल्या. “सकाळी सकाळी वाजलं होतं तुमचं. आणि ही पातळ, लेकीनं येते म्हणून कळवलं त्या दिवसाची.”

“काहीतरीच. सगळं अगदी सारखं केलंय मी. वही बघ.”

“वही ठेवा. डबीत नुसतं पाणी भरा आणि करून दाखवा.”

त्याने करून दाखवलं. बाई डोळे मिटून ऐकत बसल्या. तिसऱ्या मिनिटाला म्हणाल्या, “अहो, खोकल्याचं औषध हलवताय.”

कंपाउंडर थांबला. ‘हलवून घ्यावे’ ही चिठ्ठी त्याने हजारो बाटल्यांवर डकवली होती, आणि आधी स्वतःच ती पाळली होती. मनगटाला तीच सवय. त्यात रागाचा दिवस असला की हात चढायचा, आनंदाचा असला की सैलावायचा. पाण्याचं तापमान त्याने रोज मोजलं होतं, स्वतःचं मोजायचं सुचलं नव्हतं.

त्याने डबी बाईंपुढे सरकवली. “तू कर.”

“मला कुठे त्यातलं कळतं?”

“तुला ठेका कळतो.”

त्या आठवड्यात बाईंनी त्याच पाण्याच्या टाकीचे आणखी दोन रोल धुतले, एक डोकं शांत असताना आणि एक मुद्दाम भांडण उकरून काढल्यावर. कंपाउंडरने दोन्ही पट्ट्या काचेवर एकीला लागून एक धरल्या. तसूभरही फरक नव्हता. इतक्या वर्षांत आपण हिच्या हाताकडे कधी नीट पाहिलंच नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

“मुलींना एकच सांगायचे मी,” बाई म्हणाल्या. “राग आला तरी अक्षर दाबून उमटता कामा नये.”

मग ग्रहणाचा रोल. दाराच्या फटीत टॉवेल कोंबून, दिवा घालवून कंपाउंडरने तो चाचपडत डबीत भरला. झाकण लागल्यावर दिवा लावला. तो घड्याळ बघून “आता” म्हणायचा, बाई डबी फिरवायच्या. सातव्या मिनिटाला त्याला राहवेना, हात आपोआप पुढे गेला.

“तुम्ही घड्याळ बघा,” बाई म्हणाल्या.

नऊ मिनिटं झाली. डेव्हलपर ओतून टाकला, चित्र पक्कं करणारा फिक्सर झाला, नळाखाली भरपूर पाणी झालं. ओली निगेटिव्ह त्याने न बघताच बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती खिडकीच्या उजेडासमोर धरली.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, म्हणून मध्ये स्वच्छ, काचेसारखा गोल होता आणि त्याच्या भोवती काळी प्रभा. गोळा नव्हे. पिसाच्या धाग्यांइतक्या बारीक रेषा, दूरवर फाकत, विरत गेलेल्या, एकेक वेगळी मोजता येईल अशी. बोटांवरून पाणी कोपरापर्यंत ओघळलं तरी बाईंना भान नव्हतं.

“एवढं सगळं माझ्या पाठीमागे होतं?” शेवटी त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही एकट्यानं बघितलंत.”

कंपाउंडरने मान खाली घातली.

“मी कुठे बघितलं? माझी नजर सगळा वेळ शटरच्या चकतीवर. आकडा चुकेल म्हणून वर मान केलीच नाही. तुला सांगायची लाज वाटली.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग थोडं सरकून खिडकीत त्याच्यापुरती जागा केली.

“मग या इकडे,” त्या म्हणाल्या. “ग्रहण आत्ता लागलंय.”