धाकटीचं कुलूप

बाटल्या धुण्याच्या हॉलमध्ये दोघी जावा शेजारीशेजारी उभ्या राहायच्या. थोरली बाटल्या पाइपाखाली धरायची, धाकटी त्या क्रेटमध्ये भरायची. खाली सदा घोट्याइतकं पाणी, आणि पंपाचा प्लग भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर. फवारे सरळ त्याच्यावरच उडायचे. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच होता, पण तो दिवसातून दहादा पडून काम अडवतो म्हणून फोरमनने वायरमनकडून वायर थेट जोडून घेतली होती. धाकटीने दोनदा तक्रार केली. पायांत गमबूट आहेत ना, मग कशाला घाबरता, असं म्हणून फोरमनने ती उडवून लावली. थोरलीच्या डाव्या बुटाला भोक होतं, हे त्याला ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी पंप मधेच बंद पडला. थोरली प्लग दाबायला वाकली आणि तिचा हात तिथेच चिकटला. तोंडातून आवाजही निघेना. धाकटीने प्लास्टिकचा क्रेट तिच्या दंडावर हाणला, पुन्हा हाणला, तेव्हा कुठे ती सुटून पाण्यात कोसळली.

जीव वाचला, पण दोन बोटांचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. थोरल्या दिरांना तिच्याजवळ बसवून धाकटी दुपारी कारखान्यात परतली. हॉल चालू होता. त्याच प्लगवर. मॅनेजरने तिच्यापुढे एक कागद सरकवला आणि साक्षीदार म्हणून सही मागितली. कागदावर लिहिलं होतं, 'ओल्या फरशीवर पाय घसरून पडली.'

धाकटीच्या मस्तकात तिडीक गेली. तिने आपल्या कपाटाचं कुलूप काढलं, हॉलचा मेन स्विच खाली ओढला, दांड्याच्या भोकात कुलूप अडकवलं आणि किल्ली कनवटीला लावली.

मॅनेजर धावत आला. माल अडकेल, नोकरी जाईल, असं बरंच बोलला.

"जाईना का," धाकटी म्हणाली. "ती मेली असती तरी हेच लिहिलं असतंत ना? घसरून मेली?"

फोरमनने कुलूप फोडायला हातोडा आणला. तेव्हा सगळ्या बायका क्रेट खाली ठेवून बोर्डापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यातली सगळ्यात जुनी, जिला सगळे आत्या म्हणायचे, ती शांतपणे म्हणाली, "फोडा. पण स्विच चालू केलात की त्या प्लगला पहिला हात तुम्ही लावून दाखवायचा."

फोरमनने आपल्या कोरड्या बुटांकडे पाहिलं आणि हातोडा खाली ठेवला. मॅनेजरने वायरमनला बोलावलं.

संध्याकाळपर्यंत सगळे प्लग डोक्याच्या वर गेले, त्यांना पाणी न शिरणारी झाकणं बसली, करंट गळला की पडणारा तो स्विच परत जोडला गेला. धाकटीने कुलूप काढलं आणि त्या स्विचचं चाचणीचं बटण स्वतः तीनदा दाबून तो पडतो की नाही ते पाहिलं. मग कागदावरची ओळ खोडून तिने 'उघड्या प्लगचा करंट बसला' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

थोरलीची ती बोटं आजही वळत नाहीत. वेणी धाकटीच घालून देते. फोरमन अजून त्याच जागेवर आहे. दारात भेटला की तब्येतीची चौकशी करतो. धाकटी त्याच्याकडे मान वळवून बघतसुद्धा नाही.