चुआंग आजींच्या राहिलेल्या शेवया

आज तिसरी आणि शेवटची बैठक. आजही चुआंग आजींनी तडजोडीच्या कागदावर सहीचा शिक्का मारला नाही, तर बाबांवर फौजदारी खटला उभा राहणार आणि ट्रक चालवणं बंद. फांग-यूला हे पाढ्यासारखं पाठ झालं होतं. म्हणून शनिवारचा क्लास बुडवून ती बाबांबरोबर तडजोड समितीच्या खोलीत येऊन बसली होती, मांडीवर गरमागरम डबा घेऊन.

चार महिन्यांपूर्वी बाबांनी पेरूंचा ट्रक आरशात न बघता वळवला आणि शेजारून येणाऱ्या चुआंग आजी स्कूटरसकट भातशेतात जाऊन पडल्या. मांडीचं हाड मोडलं. दोन ऑपरेशनं झाली. विमा कंपनीच्या थान साहेबांनी बाबांना त्याच दिवशी बजावलं, "पैशाचं मी बघतो. तुम्ही फक्त गप्प बसायचं. माफी मागायची नाही, काही घेऊन जायचं नाही. चूक कबूल केल्यासारखं होतं."

कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडला तरी 'सॉरी हं' म्हणणारे बाबा! चार महिने ओठ शिवून बसले.

आणि इकडे आजी भाजीबाजारात सांगत सुटल्या होत्या, "ट्रकवाल्यानं अजून शेवया आणल्या नाहीत. साडेसाती सुटणार कशी आणि पाय बरा होणार कसा?" फांग-यूच्या कानावर हे काल पडलं आणि तिने कपाळावर हातच मारला. ज्याच्या हातून अपघात झाला त्याने डुकराच्या पायाच्या रश्श्यातल्या शेवया जखमीकडे न्यायच्या असतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल! पहाटे उठून, मोबाईलवर बघून तिने त्या रांधल्या.

आजी काठी टेकत आल्या. समितीचे लू काका, म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर, चहा ओतायला लागले. थान साहेबांनी फाईल उघडली. "आजींनी वळणावर वेग कमी केला नव्हता. तेव्हा तीस टक्के चूक त्यांची."

"तीस टक्के?" आजींची काठी फरशीवर आपटली. "म्हणजे पडलेही मी आणि चुकलेही मीच?"

फांग-यूने डबा पुढे सरकवला. "आजी, आधी हे खा ना. उशीर झालाय, पण मी स्वतः केलंय."

"अगं पोरी, ते नको!" थान साहेब पुटपुटले.

आजींनी झाकण उघडलं. काड्यांनी शेवया उचलल्या. बोटभर लांब. पुन्हा उचलल्या. तेवढ्याच.

"मोडल्यास?"

"डब्यात मावत नव्हत्या..." बोलता बोलता फांग-यूने जीभ चावली. शेवया लांब तर आयुष्य लांब. अरे देवा!

"बरं झालं! पाय बापानं मोडला, उरलेलं आयुष्य लेकीनं!"

आणि मग बाबा उठले. खुर्ची मागे पडली.

"तिला बोलू नका, आजी. मी आरशात बघितलंच नव्हतं. शंभर टक्के चूक माझी. पहिल्या दिवशीच यायला हवं होतं मी. माफ करा."

थान साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आजी बाबांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शेवयांचा घास घेतला, रस्सा ओरपला. "मीठ कमी आहे," म्हणाल्या. आणखी एक घास. "आणि हे बघ, शंभर नाही. मीही जोरातच होते. मासळी संपायच्या आत बाजारात पोचायचं होतं मला. वीस टक्के माझे लिही, लू."

"छे, छे! सगळे माझे," बाबा म्हणाले.

"वीस माझे म्हटलं ना! माझ्या चुकीवर तुझा काय हक्क?"

"तेवीस वर्षं ही खुर्ची सांभाळतोय," लू काका चष्मा पुसत म्हणाले, "लोक चूक ढकलतात. ओढून घेताना आज पहिल्यांदाच बघतोय."

थान साहेबांनी भीत भीत एक बोट वर केलं. "वीस टक्के आमच्या कंपनीला चालतील."

"तुम्हाला कोणी विचारलं?" आजी आणि बाबा एकदम ओरडले. आणि मग दोघंही हसायला लागले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

लू काकांनी कागद पुढे केला. भरपाई विमा कंपनी देणार, आजी तक्रार मागे घेणार. आजींनी पिशवीतून नावाचा शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि असा दाबला की टेबलावरचे कप वाजले.

"आता व्यायामाला दवाखान्यात नेणार कोण मला? टॅक्सीवाले नाटकं करतात."

"मी नेईन, ट्रकमधून!" बाबा म्हणाले.

"आरशात बघशील?"

"मी बघेन, आजी!" फांग-यू ओरडली. "मी मधे बसेन आणि बघतच राहीन!"

"तू आधी लांब शेवया करायला शीक," आजी म्हणाल्या आणि डब्याच्या तळाचा रस्सा प्यायला लागल्या.