टॉवेलच्या मागची दोरी

"साथ में कौन है?" फरीदाबादच्या खासगी इस्पितळात काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं.

"कोई नहीं. छोटा काम है, शाम को घर चला जाऊँगा," हणमंत म्हणाला.

"अंकल, कमर में सुई लगेगी. बिना अटेंडेंट के भर्ती नहीं होगी."

हे हणमंत बिडकरला कुणी सांगायला नको होतं. दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात, ऑपरेशन थिएटरमध्ये काम करत त्याने एकतीस वर्षं काढली होती आणि हे वाक्य रोज आठ-दहा जणांना ऐकवलं होतं. तरी आज आपल्याला चालून जाईल असं त्याला वाटलं. आपल्यापुरता नियम थोडा सैल असतो, असं प्रत्येकालाच वाटतं.

"मैं हूँ. बहन," मागून आवाज आला.

अक्का. तिला त्याने दारातूनच परत पाठवलं होतं, रिक्षाही थांबवून दिली होती. रिक्षा गेली, अक्का राहिली. कापडी पिशवी पोटाशी धरून ती येऊन उभी राहिली, तशी मुलगी कागद वाचून मोठ्याने म्हणाली, "हाँ, तो माताजी, अंडकोष की सिस्ट है, घबराने का नहीं. यहाँ साइन कीजिए."

मागच्या खुर्च्यांवरची पाच-सहा माणसं ऐकत होती. अक्काला हणमंतने हर्निया आहे असं सांगितलं होतं. त्याचे कान तापले. अक्काने शांतपणे चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि 'कुसुमावती' अशी ठळक अक्षरांत सही केली.

गाठ सहा वर्षांची होती. आंघोळ करताना वाटाण्याएवढी हाताला लागली तेव्हाच त्याने ओळखलं, पाण्याची आहे. गाझियाबादला जाऊन, जिथे कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी सोनोग्राफी करून घेतली. तिथला डॉक्टरही तेच म्हणाला, साधी आहे, त्रास देत नसेल तर राहू दे. मग हणमंतने राहू दिली. आपल्या इस्पितळात दाखवायची सोय नव्हती. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. त्याला तर असे चाळीस जावई होते, सगळे रोज सोबत चहा पिणारे. गाठ मात्र वाटाण्याची सुपारी, सुपारीचं लिंबू होत गेली. फरीदाबादहून मेट्रोत तास-सव्वा तास उभं राहायचं, मग थिएटरमध्ये दिवसभर उभं राहायचं, ते जड व्हायला लागलं. तो घेरदार पँटी घालू लागला, जमिनीवर मांडी घालणं सोडलं, आणि घरात अक्काला यातलं काही कळत नाही असं धरून चालला. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि अंगात लपवण्याचंही त्राण उरलं नव्हतं. तो थकला होता, एवढंच खरं.

तयारीच्या खोलीत ओमवीर नावाचा, पलवलकडचा, त्याच्याच वयाचा माणूस होता. हातात केस काढायचं मशीन. "शरमाना क्या, भाईसाहब. सबका एक जैसा होता है," तो म्हणाला.

हणमंतला हसू आलं. हे वाक्यही त्याचंच होतं. त्याला वाटायचं, या वाक्याने माणसाची लाज जाते. जात नाही, हे आज कळलं. माणूस फक्त छताकडे बघायला लागतो. पुढे टेबलावर त्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घ्यायला लावून पाठीत सुई दिली. हणमंत आजवर पेशंटना सांगत आला होता, 'चींटी काटेगी, बस.' मुंगी नव्हती ती. एकतीस वर्षं आपण लोकांना थापा मारल्या, असं त्याच्या मनात आलं. मग पाय कोमट झाले, जड झाले आणि नंतर त्याचे राहिलेच नाहीत. हिरव्या पडद्यापलीकडे हत्यारं वाजत होती. आवाजावरून त्याला कळत होतं, आता छेद घेतला, आता चिमटा लावला, आता टाके. सगळं मिळून पस्तीस मिनिटं. सर्जनने त्याला स्टीलच्या वाटीत ती गाठ दाखवली. पातळ, पारदर्शक, आत पाणी. इतक्याशासाठी सहा वर्षं गाझियाबाद आणि घेरदार पँटी.

"ठीक है सब. तपासणीला पाठवतो, नियम म्हणून. टाके आपोआप विरघळतील," सर्जन म्हणाला. तो नागपूरचा निघाला आणि मराठीवर आला. "सूज येईल, काळंनिळं पडेल, घाबरू नका. बर्फ कपड्यात गुंडाळून. तीन आठवडे वजन उचलायचं नाही. आणि घट्ट आधार हवा, दिवसरात्र."

लघवी झाल्याशिवाय सोडत नाहीत. त्याला चार तास लागले. तेवढ्यात अक्काने खालच्या दुकानातून आधाराची पट्टी आणली. इलॅस्टिकची, करकचून रुतणारी. हणमंतने पडद्याआड घालून पाहिली आणि तोंडून आवाज निघाला. पडद्याच्या फटीतून अक्काचा हात आत आला. हातात घडी घातलेलं मऊ सुती कापड होतं, फिकट हिरवं, तिच्या जुन्या लुगड्याचं.

"हे घाल. तीन शिवलेत."

लंगोट होता. दुहेरी कापडाचा, मध्ये चुण्या घालून खोलगट केलेला, नाडी कमरेला न रुतेल अशी पसरट. तो त्याला इतका बेतशीर बसला की जिवाला बरं वाटलं.

"तुला कसं कळलं?" त्याने पडद्याआडूनच विचारलं.

"पाच वर्षं तू सोफ्याच्या कडेवर बसतोयस, हणमा. हर्नियावाला असा बसत नाही. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू लपवत होतास. मग मी कशाला बोलू."

घरी आल्यावर दोन दिवस त्याने पडून काढले. तिसऱ्या दिवशी सूज वाढली, सगळं वांग्यासारखं जांभळं झालं आणि दुखणं पोटापर्यंत चढलं. 'दो दिन में दौड़ोगे,' असं तो पेशंटना सांगायचा. ते दोन दिवसांनी पळत होते की कण्हत होते, हे बघायला तो कधी वॉर्डात गेलाच नव्हता. बंगलोरहून वैभवीचा, त्याच्या मुलीचा, फोन आला. अक्काने तिला सांगितलं, "हर्निया आहे गं. बाबा बिल्कुल ठीक आहेत." हणमंतने डोळे मिटून घेतले. त्याची झाकली मूठ अक्का त्याच्यापेक्षा घट्ट धरत होती.

पाचव्या दिवशी त्याला चालता आलं. फेब्रुवारीचं ऊन बाल्कनीत आलं होतं, ते खायला तो भिंत धरत धरत गेला. या बाल्कनीत तो सुट्टीच्या दिवशीसुद्धा फारसा येत नसे. अक्का कपडे वाळत घालत होती. तिने पाण्याने भरलेली बादली उचलून मोरीकडे नेली आणि दारापाशी थांबली. एक हात भिंतीला, एक ओटीपोटाखाली. क्षणभर तशीच. मग पुढे गेली.

हणमंत खुर्चीवर कडेने टेकला. पुढच्या दोरीवर त्याचा मोठा टॉवेल होता. वाऱ्याने तो हलला तेव्हा मागे, भिंतीलगतची दुसरी दोरी दिसली. तिच्यावर हिरवट लंगोट वाळत होते. हे आपलेच धुतलेले, असं त्याला वाटलं. पण आपले तर पुढे चिमट्यांना लावलेले होते, दोन. तिसरा अंगावर होता. मागे चार होते. तीच शिवण, त्याच चुण्या, तीच पसरट नाडी. फक्त पट्टी जरा रुंद आणि रंग धुऊन धुऊन जवळजवळ पांढरा झालेला.

ही कापडं त्याने वर्षानुवर्षं येता-जाता, लांबून पाहिली होती. त्याला ती फडकी वाटायची.

एकतीस वर्षांत अशा कितीतरी बाया त्याने टेबलावर घेतल्या होत्या. अलीगढच्या, मेवातच्या, म्हाताऱ्या. गर्भाशय खाली उतरून अंग बाहेर येतं म्हणून वीस-वीस वर्षं कापड बांधून शेतात राबलेल्या. त्यांना भूल देण्यापूर्वी तो रागवायचा, 'अम्मा, इतने साल क्यों छुपाया? घर में कोई पूछने वाला नहीं था?'

अक्का मोरीतून परत आली. तो कुठे बघतोय ते तिने पाहिलं आणि टॉवेल सरळ करायला हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "किती वर्षं झाली?"

ती कठड्याला टेकून उभी राहिली. ती बसायचं टाळते, बसली तरी एका अंगावर बसते, हे त्याला आत्ता, या मिनिटाला कळत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा अंधार त्याच्या स्वतःच्या घरात इतकी वर्षं स्वयंपाक करत होता.

"नऊ होतील," शेवटी ती म्हणाली. "अलका अंथरुणाला खिळली त्या वर्षी. एकदा तिला न्हाणीत उचलून नेताना काहीतरी खाली सरकल्यासारखं झालं. वाटलं, जाईल."

अलका, त्याची बायको, दोन वर्षं पडून होती. तिचं करायला अक्का मिरजेहून आली. ऐन तरुणपणी विधवा झालेली, एक मूल जन्मतानाच गेलेलं. तिला मागे खेचणारं कुणी नव्हतं. हणमंत सकाळी सातला मेट्रो पकडायचा, रात्री आठला यायचा. अलका स्वच्छ, वेणी घातलेली, धुतलेल्या चादरीवर असायची. तिला रोज कोण उचलतं, असा प्रश्न त्याला दोन वर्षांत पडला नव्हता.

"मला सांगायचंस ना, अक्का."

"कधी? आधी ती आजारी. मग ती गेली, तू महिनाभर जेवला नाहीस. मग तो करोना आला, तू इस्पितळातच राहायचास. मग म्हटलं, आता इतकी वर्षं चाललंय तर चालू दे." ती थांबली. "आणि भावाला हे कोणत्या तोंडाने सांगायचं रे?"

तिचं खरं होतं. त्यानेही बहिणीला हर्नियाच सांगितला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, ओमवीरसमोर वाटली त्याहून कितीतरी जास्त.

"याचं ऑपरेशन होतं," तो म्हणाला. "माझ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टर मॅडम चांगल्या आहेत. मी स्वतः आत असेन."

"तू आत नको," अक्का म्हणाली.

"बरं. दाराबाहेर बसेन."

पुढचं त्याला पाठ होतं. पण ते हिंदीत पाठ होतं, आणि समोर अक्का होती. आजवर हे त्याने मराठीत कुणाला सांगितलंच नव्हतं. तो एकेक शब्द जुळवत गेला. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं. पाठीत सुई देतात. पाय आपले राहत नाहीत, पण परत येतात. तीन-चार दिवस तिथेच. दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही, भरलेली कळशीसुद्धा नाही. अक्का शाळेतल्या मुलीसारखी हात बांधून ऐकत होती.

"दुखतं का रे?"

'चींटी काटेगी' त्याच्या ओठांवर आलं होतं.

"दुखतं, अक्का," तो म्हणाला. "सुई दुखते. नंतर चार-पाच दिवस चांगलंच दुखतं. मग कमी होतं."

मग तिने मान हलवली, बाजारात भाव पटल्यावर हलवायची तशी. "बरं," म्हणाली आणि कुकर लावायला आत गेली.

हणमंत खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. टाके ओढले गेले, तो थांबला, पुन्हा सरळ झाला. मागची दोरी सावलीत होती, तिथे ऊन कधीच पोचत नव्हतं. त्याने टॉवेल काढून खांद्यावर टाकला. मागचे चारही ओलसर लंगोट एकेक करून उतरवले आणि पुढच्या दोरीवर, उन्हात, आपल्या दोन लंगोटांच्या शेजारी नीट पसरून चिमटे लावले. समोरच्या बाल्कनीतल्या बाई बघत होत्या. त्याने त्यांना नमस्कार केला आणि शेवटच्या लंगोटाची नाडी सरळ केली.