व्हर्दूनवरचा झेंडा

आमच्या ‘सोनेरी नांगर’ खाणावळीच्या मागच्या खोलीत एक ओकचं टेबल आहे. गुरुवारी संध्याकाळी त्यावर ठरलेली माणसं सोडून दुसरं कुणी बसत नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून गावातली बडी मंडळी तिथं बिअर पितात आणि कारभार हाकतात. पूर्वी त्यांचं भांडण असायचं स्टेशनसमोरच्या गटारावरून. एकोणीसशे चौदाच्या ऑगस्टात जर्मनीनं युद्ध पुकारलं, तेव्हापासून त्यांनी युरोप वाटायला घेतला.

मी आगाथा हेलविग. नवरा गेल्यापासून ही खाणावळ आणि लगतची बेकरी मीच बघते. गुरुवारचे मानकरी तिघं. आमचे जिल्हाधिकारी फॉन वेस्टरडोर्न, हायस्कुलात इतिहास शिकवणारे प्रोफेसर क्विटमान, आणि नदीपलीकडच्या लोखंडाच्या भट्ट्यांचे मालक लुकेनबाख. “हेलविगबाईंना यातलं काय कळतंय!” असं माझ्या तोंडावर म्हणून मग ते बेल्जियम गिळायचे. गिळायचे म्हणजे खरोखर, तोंडात घास असतानाच. युद्धानंतर काय काय घ्यायचं यावर उघड बोलायला सरकारनं बंदी घातली होती. पण आमच्या जिल्ह्यात सरकार म्हणजे कोण? तेच समोर रुमाल गळ्यात खोचून बसलेले! गुरुवारी खाणावळीत चरबीत तळायचं नाही, या हुकमाचा कागद माझ्या दारावर लावलेला होता, खाली त्यांचीच सही. आणि मागच्या खोलीत त्यांनाच डुकराचं तळलेलं मांस लागायचं, वर बटाटे, तेही तळलेले.

भिंतीवर प्रोफेसरांनी आणलेला मोठा नकाशा होता. स्टेशनरीच्या दुकानात तेव्हा कागदी झेंड्यांच्या टाचण्या डबीतून मिळायच्या. काळा-पांढरा-लाल आपला, बाकीचे त्यांचे. घरोघरी हेच चाललं होतं. सकाळी सैन्याचं पत्रक आलं की वाचायचं आणि टाचणी पुढं सरकवायची. आमच्याकडे ते काम माझं. पहिल्या महिन्यात माझे हात थकले, इतकी आपली फौज पळत होती. सप्टेंबरात पत्रकातली भाषा जरा गुळमुळीत झाली. मी बाई माणूस, उधारीवाल्यांच्या थापा ऐकून कान तयार झालेले. माझ्या लक्षात आलं की आपली माणसं मागं हटली आहेत. मी फ्रेंच मुलखातल्या मार्न नदीवरच्या टाचण्या उपटून तीन बोटं मागं लावल्या.

त्या गुरुवारी प्रोफेसर नकाशापुढे उभे राहिले आणि लालबुंद झाले.

“हे कुणी केलं?”

“मी. पत्रकात तसंच—”

“हेलविगबाई, जर्मनीत झेंडा मागं जात नसतो!”

लुकेनबाख हसले. “आणि मागं न्यायचाच असेल तर फ्रेंचांची ती ब्रिएची लोखंडाची खाण तेवढी माझ्यासाठी ठेवून न्या, काय?”

टाचण्या परत पुढं गेल्या. त्यानंतर मी एकही मागं घेतली नाही. आमच्याच कशाला, गावातल्या कुठल्याच घरात कुणी घेतली नाही. झेंडे पुढं जायचे, नाहीतर होते तिथंच गंजायचे.

माझा एकुलता एक मुलगा योस्ट. बेकरीत पाव तोच भाजायचा. हात असा हलका, की बटाट्याचं पीठ मिसळलेला युद्धातला पावसुद्धा त्याच्या हातचा असेल तर घशाखाली उतरायचा. पंधरा साली त्याला नेलं. सोळाच्या फेब्रुवारीत तो व्हर्दून या फ्रेंच शहराच्या आघाडीवर होता. एका दुपारी गावातल्या सगळ्या घंटा वाजायला लागल्या, पोरांना शाळेतून सोडलं. व्हर्दूनबाहेरचा मोठा किल्ला पडला होता! गुरुवार नसतानाही तिघं खोलीत हजर.

“लावा झेंडा,” प्रोफेसर म्हणाले.

“किल्ल्यावर ना?”

“किल्ल्यावर काय लावता? शहरावर लावा. उद्या लावायचाच आहे, तो आज लावा.”

मी लावला. खोटं कशाला सांगू, आनंदानं लावला. व्हर्दून पडलं की लढाई संपली आणि योस्ट घरी, एवढंच मला दिसत होतं. वर सगळ्यांना माझ्यातर्फे एकेक ग्लास पाजला. लुकेनबाखनं तिथल्या तिथं निळ्या पेन्सिलीनं नवी सरहद्द आखली, खाणी आत घेऊन.

ईस्टरला योस्ट पाच दिवसांच्या रजेवर आला. आंघोळीचं पाणी तीनदा बदललं तरी त्याचा वास जाईना. मागच्या खोलीत आला, नकाशाकडे बघितलं आणि हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, तरी थांबेना.

“आई, हा इथं कुणी लावला गं?”

“मीच लावला. का?”

“तिथं आम्ही कुठं आहोत? आम्ही हे इथं, अलीकडे, चिखलात. एक ओढा आहे, त्यातच माणसं पडलेली असतात आणि त्यातलंच पाणी आम्ही पितो. त्या गावाचं तोंडसुद्धा बघितलं नाही मी. काढ ती टाचणी.”

पण मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “राहू दे रे. गुरुवारच्या लोकांना खपायचं नाही. आणि तुझा अर्ज द्यायचाय जिल्हाधिकारी साहेबांकडे, उगीच आत्ता वाकडं नको.”

अर्जाचं असं होतं. बेकरी सांभाळणारा आमचा म्हातारा कारागीर ईस्टरच्या आदल्या आठवड्यात वारला होता. शाळेच्या इमारतीतल्या जखमी शिपायांच्या इस्पितळाला पाव आमच्याकडूनच जायचा. अशा कामाचा माणूस आघाडीवरून परत मागता येत असे, फक्त जिल्हाधिकाऱ्यांची शिफारस लागायची. एक सही. योस्टनं माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि पीठ मळायला गेला. रजा संपायच्या दिवशी पहाटेपर्यंत त्यानं भट्टीवर काम केलं, मला चार दिवस पुरेल एवढं.

इस्पितळाच्या डॉक्टरांचा कागद, पालिकेचा कागद, हे गोळा करता करता जून उजाडला. शेवटी ठेवणीतला काळा पोशाख घालून मी साहेबांच्या कचेरीत गेले, भर सकाळी. त्यांनी खुर्ची दिली. अर्ज पुरा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, “हेलविगबाई, कशाला घाई करता? मुलगा व्हर्दूनलाच आहे ना?”

“हो साहेब.”

“मग? व्हर्दून तर आपलं आहे. रोज नकाशावर बघता की! शहरात छावणीत बसून असेल, तुमच्या-माझ्यापेक्षा सुखरूप. महिन्या-दीड महिन्यात फ्रेंच गुडघे टेकतील, पोरगा आपसूक घरी. आत्ता त्याला परत मागवला तर लोक म्हणतील, हेलविगबाईंचा विजयावर भरवसा नाही.”

माझ्या जिभेवर आलं होतं. साहेब, तो झेंडा खोटा आहे. माझा मुलगा ओढ्यातलं मढ्यांचं पाणी पितोय. पण जो माणूस सही करणार त्याला खोटं कसं पाडायचं? मी म्हणाले, “मग पुढच्या महिन्यात परत येऊ का?” ते म्हणाले, “या की, अवश्य या.” आणि दारापर्यंत सोडायला आले.

योस्ट अकरा जुलैला गेला. त्याच्या कप्तानाचं पत्र आलं, चार ओळींचं. गोळा लागून जागीच, वेदना झाल्या नाहीत, वगैरे. सगळ्यांच्या पत्रात तेच असायचं. मृतदेहाबद्दल काहीच लिहिलं नव्हतं.

तीन गुरुवार मी खोली बंद ठेवली. चौथ्या गुरुवारी तिघं आले, दंडाला काळी फीत बांधून. हात हातात घेतले. लुकेनबाखच्या डोळ्यांत पाणीही आलं, खोटं नाही सांगत. मग बसले, आणि साहेबांनी विचारलं, “आज काही गरम मिळेल का हो?”

गुरुवार होता. मी चरबीत तळून आणलं.

खाणं निम्म्यावर आल्यावर प्रोफेसरांनी पिशवीतून कागद काढले. पंतप्रधानांना पाठवायचं निवेदन, गुप्त. ते मोठ्यानं वाचायला लागले. बेल्जियमचा किनारा. लोंग्वी आणि ब्रिएच्या खाणी, इथं लुकेनबाखनं मान डोलावली. रशियाकडून घेतलेल्या कुरलँडमध्ये आपल्या शेतकऱ्यांना जमिनी. पोलंडच्या सीमेवर एक लांब पट्टा, तिथली सगळी माणसं हलवून.

“हलवून म्हणजे कुठं?” मी विचारलं.

“पलीकडे कुठंतरी,” प्रोफेसर म्हणाले. “रशिया काय लहान आहे?” आणि दातात अडकलेलं काढून बशीच्या कडेला पुसलं. त्या क्षणी मला शिसारी आली. हीच माणसं, हीच तोंडं, दोन वर्षं मी यांना वाढत होते!

“आणि आता सगळ्यात महत्त्वाचं,” प्रोफेसर उभे राहिले. “व्हर्दून. जिथं आपल्या योस्टसारख्यांचं रक्त सांडलं ती माती परत देणं म्हणजे त्यांचा विश्वासघात. हेलविगबाई, या निवेदनावर आम्हाला एका वीरमातेची सही हवी आहे. तुमच्या मुलानं व्हर्दून आपल्याला मिळवून दिलं.”

कागद माझ्यापुढे आला. लेखणी आली.

“करते की,” मी म्हणाले. “पण आधी साहेबांनी माझ्या एका कागदावर करावी.”

ॲप्रनच्या खिशातून मी माझा कागद काढला आणि साहेबांच्या ताटाशेजारी ठेवला. त्यांनी चष्मा लावला.

“हा कसला?”

“प्रवासाचा परवाना. मला व्हर्दूनला जायचंय. लेकाचं थडगं बघायचंय, फुलं ठेवायचीत. आपलंच आहे ना ते? मग हरकत कसली? एक तुमची सही.”

लुकेनबाख ग्लासात बघत बसले.

“हेलविगबाई,” साहेब हळू म्हणाले, “तिथं जाता येणार नाही.”

“का?”

“लढाईचा भाग आहे.”

“शहर तर शांत आहे. छावणी आहे. तुम्हीच म्हणालात.”

त्यांनी रुमाल गळ्यातून काढला, घडी केली, परत उलगडली. “तिथं फ्रेंच आहेत.”

“जरा मोठ्यानं सांगा, प्रोफेसरांनी निवेदनात वेगळं लिहिलंय.”

“फ्रेंच आहेत तिथं, बाई! व्हर्दून कधीच आपल्याकडे नव्हतं!”

“हे तुम्हाला जूनमध्ये माहीत होतं?”

ते थकल्यासारखे म्हणाले, आणि त्यात लाज नव्हती, नुसता कंटाळा होता: “माहीत सगळ्यांनाच होतं. जिल्ह्यातून आठवड्याला चाळीस आया अर्ज घेऊन येतात. प्रत्येकीला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं.”

प्रोफेसर निवेदन गोळा करायला लागले. “दुःखाच्या भरात माणूस...” असं काहीसं पुटपुटले. मी म्हटलं, “ताटातलं संपवा आणि निघा. तिघंही.” साहेबांनी खरोखर संपवलं. शेवटचा बटाटा रश्श्यातून फिरवून खाल्ला आणि मग उठले.

पुढच्या गुरुवारपासून ते चौकातल्या ‘गरुड’ खाणावळीत बसायला लागले. तिथंही नकाशा आहे म्हणतात, आमच्यापेक्षा मोठा.

त्या रात्री ते गेल्यावर मी ताटं उचलली, टेबल सोड्याच्या पाण्यानं दोनदा घासलं. मग खुर्चीवर चढून व्हर्दूनवरची टाचणी काढली. गंजली होती, कागदाला चिकटून बसली होती, ओढताना नकाशा थोडा फाटला. योस्टनं सांगितलं होतं त्याच दिवशी ती काढायला हवी होती मी. दुसऱ्या कुणी नाही, मीच लावली होती ती.