सासूसुनेच्या फौजेतला निशाणदार

मी एक निशाणदार. उंची तुमच्या अंगठ्याएवढी, हातात निशाण, कमरेला तलवार. ज्या राज्याचं हे निशाण आहे, ते कुठल्याच नकाशात सापडायचं नाही. छोट्या सैनिकांच्या फौजा टेबलावर मांडायच्या, टेपनं अंतर मोजून त्या पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून लढाई खेळायची, असा एक खेळ असतो. त्या खेळातला मी सैनिक. माझं काम एकच. मी उभा असेपर्यंत माझ्या आसपासचे लोक पळून जात नाहीत.

जन्मलो तेव्हा मात्र मी स्वतःच धड नव्हतो. प्लॅस्टिकच्या चौकटीत हात एकीकडे, डोकं दुसरीकडे. निखिलनं मोठ्या हौसेनं दोन फौजांचा खोका घरी आणला आणि तो उघडायच्या आतच त्याची गुवाहाटीला बदली झाली. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये कपाटावर पडून राहिलो.

घरात उरल्या दोघी. निखिलची बायको वल्लरी, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. क्वार्टर तिच्याच नावावर. आणि निखिलची आई सुनंदाबाई, कराडच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर इथे राहायला आलेल्या. दोघी कधी भांडत नसत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आई, चहा ठेवू का?"

"तुला हवा असेल तर ठेव."

"तुम्ही घेणार असाल तर ठेवते."

असं करता करता चहा राहूनच जायचा. एकदा सुनंदाबाई फोनवर बहिणीला म्हणाल्या, "दिवाळी झाली की मी कराडला येते. तसं कुणी काही बोलत नाही मला. पण किती दिवस असं अंग चोरून राहायचं?" खोक्याच्या पुठ्ठ्यातूनही तो आवाज मला नीट ऐकू आला.

एका रविवारी वल्लरीनं कंटाळून आमचा खोका खाली काढला. मोबाइलवर व्हिडिओ लावला आणि चिमट्यानं आमचे तुकडे सुटे करून चिकटवायला बसली. बोटं चिकटली, माझं निशाण वाकडं झालं. सुनंदाबाई भाजी निवडत लांबून बघत होत्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"त्याचा हात उलटा लागलाय."

वल्लरीनं वर पाहिलं. "हो का? बघता जरा?"

त्यांनी भाजी बाजूला सारली आणि चष्मा लावला. माझा हात अलगद सोडवून नीट बसवला. त्या दिवसापासून जेवणाचं टेबल आमचं झालं. रंग आले, बारीक ब्रश आले. वल्लरी घाईनं जाड रंग फासायची, त्यात आमची नाकं बुजायची. "पाणी घाल थोडं. पातळ दोन हात दे, चेहरा राहू दे त्याचा," सुनंदाबाई सांगायच्या. माझं निशाण त्यांनी स्वतः रंगवलं, जांभळ्यावर सोनेरी काठ. अर्धी फौज अजून बिनरंगाची होती तेव्हाच वल्लरी म्हणाली, "चला आई, लढू या. बाकीची रंगवू हळूहळू."

पुस्तकांचे डोंगर झाले, पोह्याच्या डब्याचा किल्ला झाला. शिवणाच्या टोपलीतला टेप आला. मी सुनंदाबाईंच्या बाजूला होतो. पहिल्या लढाया म्हणजे सगळा गोंधळच. कुणी आधी सरकायचं, भिंतीआडच्या सैनिकाला बाण लागतो की नाही, प्रत्येक वेळी नियमांचं पुस्तक उघडायचं. पण हळूहळू ते अंगवळणी पडलं. एकच गोष्ट मला खुपत होती. आम्ही दर वेळी हरत होतो. नुसते हरत नव्हतो. आमचे घोडेस्वार समोर वाट मोकळी असतानाही जागेवर उभे असायचे.

वल्लरीच्याही ते लक्षात आलं. एका डावात तिनं फासे खाली ठेवले.

"आई, तुम्ही मुद्दाम हरताय."

"नाही गं."

"घोडे का नाही सोडलेत? माझी सगळी डावी बाजू उघडी होती."

सुनंदाबाईंनी माझं निशाण बोटानं सरळ केलं. मग म्हणाल्या, "हे घर तुझं आहे, वल्लरी. मी पाहुणी. पाहुणी बाई येऊन जिंकायला लागली, तर बरं दिसतं का?"

वल्लरीचे डोळे भरून आले, पण बोलली ती रागानंच. "मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही. म्हणून तुम्ही काही मागत नाही, काही बोलत नाही. मी ऑफिसातून येते आणि घरात कुणीतरी माझ्याशी भांडावं, असं वाटतं मला. आणि तुम्ही साधा खेळसुद्धा खेळत नाही माझ्याशी."

सुनंदाबाईंनी पदरानं चष्मा पुसला. मग टेप उचलला, अंतर मोजलं आणि सगळे घोडे डाव्या बाजूला सोडले. वल्लरीच्या फौजेची त्या दिवशी अशी दाणादाण उडाली की तिला हसू आवरेना. "आता खेळलात," ती म्हणाली. त्यानंतर त्या रोज भांडू लागल्या. नियमांवरून, भाजीतल्या मिठावरून, पंख्याच्या वेगावरून. चहा मात्र न विचारता होऊ लागला.

नोएडाच्या एका क्लबात जोड्यांची स्पर्धा होती. वल्लरीनं नाव दिलं. आम्हाला जुन्या मऊ साडीत गुंडाळून लाडवांच्या डब्यात ठेवलं आणि आम्ही मेट्रोनं निघालो. क्लबात सगळी तरुण मंडळी. दारावरच्या मुलानं विचारलं, "आंटीजी, आप किसके साथ आई हैं?"

"अपनी फौज के साथ," सुनंदाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पडत, सावरत आम्ही शेवटच्या लढाईपर्यंत पोचलो. समोर होता गौरव, क्लबातला सगळ्यांत मुरलेला खेळाडू, आणि त्याचा जोडीदार. मैदानात तीन ठाणी होती. टेकडी, पूल आणि पडकी गढी. शेवटी ज्यांच्याकडे जास्त ठाणी, ते जिंकणार. गौरवचे चिलखती स्वार टेकडीकडे निघाले. टेकडीवर मी होतो आणि माझ्याभोवती मूठभर भालाईत. पूल आणि गढी, दोन्ही त्याच्याच ताब्यात होती.

"निशाणदाराला मागे घेऊ या का?" वल्लरीनं हळूच विचारलं.

"नको. तो थांबेल."

वल्लरीनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस समोरासमोर लढून तिला त्या चेहऱ्यावरची चाल ओळखता येत होती. तिनं आपले तिरंदाज गुपचूप पुलाकडे वळवले आणि सुनंदाबाईंनी घोडे गढीकडे सोडले.

स्वार माझ्यावर येऊन आदळले. भालाईत पडत गेले, पण एकही पळाला नाही. गौरवला वाटलं, आता एक धक्का दिला की टेकडी आपली. म्हणून त्यानं उरलेले स्वारही वर चढवले. पुलावर आणि गढीत त्याचे थोडेच लोक राहिले. तिरंदाजांनी पूल साफ केला, घोड्यांनी गढी घेतली. मग गौरवनं माझ्यावर फासे टाकले. त्याला हवं ते दान पडलं.

मी पडलो. टेबलावर आडवा झालो, तेव्हा मला छत आणि ट्यूबलाइट तेवढी दिसत होती. पण कानावर येत होतं. कुणीतरी ठाणी मोजत होतं. टेकडी गौरवची. पूल आमचा. गढी आमची.

गौरव उठला, दोघींशी हात मिळवले आणि सुनंदाबाईंना म्हणाला, "आंटी, आपने मुझे टेकरी पे फँसा लिया." सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. सुनंदाबाईंनी सगळ्यांत आधी मला उचललं आणि उभं केलं.

परतीच्या मेट्रोत डबा त्यांच्या मांडीवर होता. त्या वल्लरीला म्हणाल्या, "कराडच्या घराला भाडेकरू बघायला हवा. बंद घराला वाळवी लागते."

वल्लरी "हो" एवढंच म्हणाली आणि त्यांच्या खांद्याला टेकून बसली.

आता दर रविवारी आमच्या क्वार्टरमध्ये नवे लोक खेळ शिकायला येतात. आज वरच्या मजल्यावरच्या कौशल्याबाई आल्यात. त्यांची फौज अजून खोक्यातून बाहेर यायची आहे, म्हणून सुनंदाबाईंनी मला त्यांच्या बाजूला दिलंय. माझ्या निशाणाचा सोनेरी रंग टोकाला उडालाय, तलवार जरा वाकलीय. चालायचंच. वाचकहो, तुमच्या कपाटावर असाच एखादा न उघडलेला खोका असेल, तर तो खाली काढा. सगळी फौज रंगून होण्याची वाट बघू नका. आम्ही बिनरंगाचेही लढतो.

बरं, आता मला निघायला हवं. समोरून सुनंदाबाईंचे घोडे सुटलेत, आणि त्या आज कुणालाही जिंकू देणार नाहीत.